गाडी उंच झाली, रबराचे काय?

अर्जुनी मोरगाव, प्रतिनिधी - नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्ग कोहमारा येथे सोडला, की नवेगावबांधमार्गे अर्जुनी मोरगावकडे जाणारा रस्ता लागतो. डांबरी रस्त्यावर गाडीची परीक्षा होत नाही. ती होते गावाकडे वळल्यावर. तलावांच्या पाळी, धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या वाटा, पावसाळ्यात वाहून गेलेले मुरमाचे रस्ते आणि पुलाविना ओलांडावे लागणारे नाले अशी या तालुक्याची रचना आहे. इटियाडोह धरण आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान याच परिसरात आहेत. १९७५ मध्ये घोषित झालेले हे उद्यान डिसेंबर २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. अशा मुलखात चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीचे महत्त्व सांगावे लागत नाही. तिची उंची आणखी दोन-तीन इंचांनी वाढवली तर दगड आणि खाचखळगे सहज पार होतील, हा विचारही साहजिकच मनात येतो.

शहरांतूनही हा विचार आता चांगलाच रुजला आहे. नागपूर, पुणे, मुंबईतील अनेक हौशी वाहनमालक आपली जीप, जिप्सी, थार किंवा जिम्नी उंच करून घेतात आणि सुटीत जंगलाकडे वळवतात. नवे पाटे किंवा स्प्रिंग, लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि मोठे टायर यांवर मोठी रक्कम खर्च होते. मात्र त्या तुलनेत अगदी किरकोळ किमतीच्या एका सुट्या भागाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तो भाग म्हणजे बंप स्टॉप. चाक वर उचलले गेले असता त्याची हालचाल योग्य जागी थोपवणारा हा रबरी ठोकळा होय. गाडी उंच केल्यानंतर त्याचे माप नव्याने ठरवले नाही, तर उंचीसाठी केलेला सारा खर्च पहिल्याच मोठ्या खड्ड्यात वाया जाऊ शकतो. प्रसंगी प्रवाशांची सुरक्षितताही धोक्यात येते.

बंप स्टॉप काय करतो?

गाडीचा भार पाटे किंवा स्प्रिंग उचलतात. त्यांची उसळी आवरण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बर करतो. या दोघांच्या कामाला एक मर्यादा असते. चाक एखाद्या दगडावर वेगाने आदळले, की अ‍ॅक्सल चेसिसच्या दिशेने वर येतो. वेग दुप्पट झाला तर त्या आघातातील ऊर्जा चौपट होते. स्प्रिंगला ती पेलली नाही, तर कोठे तरी लोखंडावर लोखंड आदळणार हे निश्चित असते. नेमक्या त्या क्षणाआधी अ‍ॅक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये रबर येतो, दबतो आणि उरलेला आघात झेलतो.

म्हणजेच बंप स्टॉप ही प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात काम करणारी एक जादा स्प्रिंगच असते. जितकी दबते तितकी ती अधिक कडक होत जाते. पाट्यांच्या गाड्यांमध्ये तिचे आणखी एक काम असते. भार आणि आघात एकत्र आले असता कमानदार पाटा सरळ होऊन उलट्या दिशेने वाकू लागतो. तसे वारंवार झाले तर त्याची कमान बसते आणि पाने मोडतात. बंप स्टॉप त्याला त्या मर्यादेपर्यंत जाऊ देत नाही.

मूळ गाडीत हे सर्व हिशेब कारखान्यात झालेले असतात. शॉक पूर्ण मिटण्यापूर्वी, टायर मडगार्डला घासण्यापूर्वी, ब्रेकची नळी चिमटण्यापूर्वी आणि अ‍ॅक्सल इंजिनाच्या तळाला लागण्यापूर्वी रबराने काम सुरू केले पाहिजे, या हिशेबानेच त्याची उंची ठरते. गाडी उंच करताना यातील जवळजवळ प्रत्येक माप बदलते. रबर मात्र जुन्याच जागी, जुन्याच उंचीचा राहतो.

उंची वाढली की काय बिघडते?

गाडी उंच करण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. मारुती जिप्सीची नागरी विक्री २०१९ मध्ये थांबली असली, तरी विदर्भातील जंगल सफारीशी तिचे नाते घट्ट आहे. तिला पुढे-मागे दोन्हीकडे पाटे आहेत. त्यांना अधिक कमान दिली जाते, लांब शॅकल लावली जाते किंवा अ‍ॅक्सलखाली असलेले पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसवले जातात. यात शॅकलचा हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. शॅकल दोन इंचांनी लांबवली तर गाडी साधारण एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचे दुसरे टोक जागचे हलत नाही.

२०१० मधील पहिल्या महिंद्र थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे होते. २०२० च्या थारमध्ये पुढे स्वतंत्र आणि मागे अखंड अ‍ॅक्सल असून दोन्हीकडे कॉइल स्प्रिंग आहेत. २०२३ मध्ये भारतात आलेल्या पाच दरवाजांच्या जिम्नीला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहेत. प्रत्येक रचनेत बंप स्टॉपची जागा वेगळी असते. पाट्यांच्या गाडीत तो सहसा चेसिसखाली, अ‍ॅक्सलच्या बरोबर वर असतो. काही कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांत तो स्प्रिंगच्या पोटातच दडलेला असतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये खालच्या आर्मवर किंवा त्यासमोर तो आढळतो.

रचना कोणतीही असो, गाडी ५० मिलिमीटरने उंच केली की अ‍ॅक्सल आणि रबर यांमधील अंतरही तेवढेच वाढते. वरकरणी हा फायदाच वाटतो. चाकाला वर जाण्यास अधिक वाव मिळाला असे दिसते. तथापि उंच गाडीला लांब शॉक लावले जातात आणि लांब शॉक मिटल्यावरही मूळ शॉकपेक्षा लांबच राहतो. त्यामुळे रबर दबण्याआधीच शॉक तळाला बसतो. त्याची अंतर्गत झडप, सील, वरची-खालची बुश आणि शेवटी चेसिसला जोडलेला ब्रॅकेट या क्रमाने नुकसान होत जाते. मोठा टायर असेल तर तो मडगार्डच्या कडेला कापला जातो. पुढचा टायर वळणावर मडगार्डमध्ये अडकला, तर स्टिअरिंगच जागच्या जागी थबकते. धोक्याचा खरा मुद्दा हा आहे.

पहिली धडक कोणाची?

म्हणून बंप स्टॉप बसवताना विचारायचा प्रश्न एकच - अ‍ॅक्सल वर येऊ लागला, तर रबर नसताना सर्वप्रथम काय आदळेल? ते शोधण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून, उरलेल्या चाकांना अटकाव लावून, चेसिस मजबूत स्टँडवर टेकवावी लागते. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्यानंतर शॉक आणि कॉइल स्प्रिंग काढून ठेवतात. पाट्यांच्या गाडीत मुख्य पाटा ठेवून बाकीची पाने उतरवली, की अ‍ॅक्सल जॅकने हळूहळू वर घेता येतो. दाबलेली कॉइल स्प्रिंग निसटली तर गंभीर इजा होते, त्यामुळे हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घेणे इष्ट.

अ‍ॅक्सल वर घेताना चाके बसवलेली असावीत. प्रत्येक थोड्या अंतरावर थांबून टायर, मडगार्ड, ब्रेकच्या नळ्या, प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सरचा पाइप आणि पुढील बाजूस इंजिनाचा तळ यांच्यातील मोकळी जागा तपासावी. पुढची चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावीत. सरळ असताना न घासणारा टायर वळवल्यावर हमखास घासतो.

ही तपासणी दोनदा करावी लागते. प्रथम दोन्ही चाके एकदम वर घेऊन. नंतर एक चाक वर आणि दुसरे खाली सोडून. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत दुसरी तपासणी अधिक महत्त्वाची ठरते. बंप स्टॉप चाकापासून आत, चेसिसजवळ असतो. अ‍ॅक्सल तिरका झाला की तो रबरावर टेकतो खरा, पण रबराच्या बाहेर असलेले चाक तराजूच्या टोकाप्रमाणे आणखी वर जाते. दोन्ही चाके एकत्र उचलून घेतलेले माप त्यामुळे फसवे ठरू शकते. नाल्याच्या काठावर किंवा धुऱ्यावर गाडी नेमकी अशाच अवस्थेत असते.

हिशेब कसा मांडावा?

एका काल्पनिक गाडीचे उदाहरण घेतले, तर हा हिशेब सोपा वाटेल. गाडी ५० मिलिमीटरने उंच केली आहे. नवा शॉक पूर्ण ताणला असता ६०० आणि पूर्ण मिटला असता ३७० मिलिमीटर भरतो. गाडी भारासह सपाट जागी उभी असताना त्याची लांबी ४८० आहे. म्हणजे मिटण्यासाठी ११० मिलिमीटर शिल्लक आहेत. शॉक कधीही पूर्ण मिटू नये म्हणून त्यातील १५ राखून ठेवले, तर अ‍ॅक्सलला वर येण्यासाठी ९५ मिलिमीटर उरतात.

आता रबराकडे पाहू. उंची वाढवण्यापूर्वी अ‍ॅक्सल आणि रबर यांत ७० मिलिमीटर अंतर होते; ते आता १२० झाले. जोराच्या आघातात हा रबर ३० मिलिमीटर दबतो असे धरले, तर अ‍ॅक्सल १५० मिलिमीटर वर आल्यावर थांबेल. शॉक मात्र ११० वरच मिटलेला असेल. उरलेले ४० मिलिमीटर येणार कोठून? ते शॉकचा ब्रॅकेट वाकून किंवा तुटून येतात.

अ‍ॅक्सल ९५ वर थांबवायचा तर रबराने ६५ मिलिमीटरवर स्पर्श केला पाहिजे. सध्याच्या १२० मधून ६५ वजा केले की ५५ उरतात. रबराखाली तेवढ्या उंचीचा लोखंडी ठोकळा बसवावा लागेल. परंतु टायरची तपासणी करताना तो ८५ मिलिमीटरनंतरच मडगार्डच्या अगदी जवळ येतो असे आढळले, तर शॉकचा हिशेब बाजूला ठेवून टायरचे माप धरावे लागते. मग स्पर्शाचे अंतर ५५ आणि ठोकळ्याची उंची ६५ मिलिमीटर. सर्व मापांत जे सर्वांत लहान, तेच अंतिम.

गाडी जितकी उंच केली तितकाच ठोकळा लावावा, असा ढोबळ नियम सर्रास सांगितला जातो. वरील उदाहरणात तो नियम पाळला असता ५० मिलिमीटरचा ठोकळा बसला असता आणि टायर मडगार्डला भिडला असता. हा नियम सुरुवातीच्या अंदाजापुरता ठीक आहे. मोजमापाला तो पर्याय नाही.

शॉक तिरका बसवलेला असेल तर हिशेबात आणखी एक दुरुस्ती करावी लागते. उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला शॉक अ‍ॅक्सलच्या हालचालीच्या सुमारे ८७ टक्केच मिटतो. अशा गाडीत शॉकचे ९५ मिलिमीटर म्हणजे अ‍ॅक्सलचे सुमारे १०९ मिलिमीटर. शॉकजवळचे माप आणि रबराजवळचे माप यांची गल्लत झाली, की सारे गणित चुकते.

भार विसरून चालणार नाही

वरील सर्व मापे भारासह घ्यायची, हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. सफारीच्या उघड्या जिप्सीत चालक आणि मार्गदर्शकासह आठ जण बसतात. रिकाम्या गाडीत रबराचे जे अंतर मोजले, ते आठ जण बसल्यावर बरेच कमी होते आणि चाक वर जाण्याचा वाव तेवढाच घटतो. मागच्या उंच बाकावर बसलेल्यांना धक्का सर्वाधिक बसतो. रबर झिजलेला किंवा गळून पडलेला असेल, तर तो धक्का कमी करायला मध्ये काहीच राहत नाही. गावात धानाची पोती वाहणाऱ्या जीपचीही गत वेगळी नाही.

याच्या उलट चूकही होते. शॉक वाचवण्याच्या नादात रबर फार खाली आणला, तर भरलेली गाडी जवळजवळ त्यावरच टेकून चालते. प्रत्येक लहान खड्डा अंगावर येतो, चाक रस्ता सोडून उडते आणि पकड जाते. महामार्गावर वेगाने वळण घेताना गाडी एका बाजूला कलते. त्या वेळी बाहेरील बाजूचा मागचा रबर अकाली टेकला, तर मागचा भाग एकाएकी कडक होऊन घसरू शकतो. तेव्हा रबर शक्य तितका वर, पण पहिल्या धडकेच्या आधी, हे तारतम्य राखावे लागते.

कोणता रबर?

बंप स्टॉपचे प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात. ठोस रबराचा शंकूच्या आकाराचा ठोकळा स्वस्त आणि रोजच्या वापरास पुरेसा असतो. ठोस पॉलियुरेथेन अधिक टिकाऊ असते. मात्र ते कमी दबते आणि धक्का कठोर देते. सूक्ष्म छिद्रे असलेल्या पॉलियुरेथेन फोमचा ठोकळा निम्म्याहून अधिक दबू शकतो. तो लवकर टेकतो, पण हळुवारपणे. त्यामुळे उंच केलेल्या गाडीला तो मानवतो. याखेरीज स्पर्धांतील गाड्यांना दाबयुक्त नायट्रोजन आणि तेल असलेले हायड्रॉलिक बंप स्टॉप लावले जातात. गोव्यात २०१४ मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांतील गाड्यांच्या गरजा वेगळ्या असतात. जंगलवाटेवर वीस-पंचवीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला त्यांची आवश्यकता नाही.

रबराचा प्रकार बदलला की हिशेबही बदलतो. ३० मिलिमीटर दबणाऱ्या रबराच्या जागी ५० दबणारा फोम बसवला, तर स्पर्श त्या प्रमाणात लवकर व्हायला हवा. ठोकळा जाड पोलादाचा, रुंद तळाचा आणि बोल्टने पक्का केलेला असावा. लाकडाचे तुकडे किंवा एकावर एक रचलेले वॉशर आघातात निसटतात. रबर ज्यावर टेकतो ती अ‍ॅक्सलवरील जागाही सपाट हवी. तो यू-बोल्टच्या टोकावर टेकत असेल तर काही दिवसांतच फाटतो.

खालची मर्यादाही तपासा

चाक वर येण्याला जशी मर्यादा हवी, तशी खाली लोंबण्यालाही हवी. उंच गाडीचे चाक खड्ड्यात सुटले की ब्रेकची रबरी नळी ताणली जाते, प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि कॉइल स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. त्यासाठी लांब नळ्या आणि गरजेनुसार अ‍ॅक्सलला आवर घालणारा पट्टा बसवतात. टॉर्शन बार पिळून गाडी उंच केली असेल, तर आर्म आधीच खाली झुकलेला असतो. चाकाला खाली जायला वाव उरत नाही आणि बारीक खड्ड्यांतही वरचा आर्म खालच्या मर्यादेवर आपटत राहतो. काही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली झडप भारानुसार ब्रेकचा दाब ठरवते. गाडी उंच केल्यावर ही झडप गाडी रिकामी असल्याचे समजून मागचा ब्रेक कमी लावते. तिची जुळणी नव्याने करणे अत्यावश्यक आहे.

बसवल्यानंतरची चाचणी

काम पूर्ण झाले की प्रत्यक्ष रस्त्यावर खात्री करण्याचे दोन सोपे उपाय आहेत. शॉकची दांडी उघडी असेल तर तिच्यावर प्लॅस्टिकचा केबल टाय घट्ट बांधून तो शॉकच्या नळकांड्यापर्यंत सरकवावा. नेहमीच्या खराब वाटेवर, नेहमीच्या भारासह फेरी मारून आल्यावर टाय जेथे सरकला असेल, तेथपर्यंत शॉक मिटला असे समजावे. दांडीचा किमान १५ मिलिमीटर भाग कोरा राहिला पाहिजे. दांडी झाकलेली असेल तर संशयित जागी ओल्या शाडूचा गोळा चिकटवावा. फेरीनंतर त्याची उरलेली जाडी ही तेथील सर्वांत कमी अंतराची नोंद असते. फेरी हळू वेगाने सुरू करावी आणि प्रत्येक फेरीनंतर खाली वाकून पाहावे.

रबर हा झिजणारा भाग आहे. ऊन, तेल आणि चिखल यांनी तो तडकतो. सुमारे सहा महिन्यांनी, आणि पावसाळ्यानंतर तर नक्कीच, त्याची पाहणी व्हावी. एका बाजूचाच रबर अधिक दबलेला दिसला, तर त्या बाजूचा पाटा बसला आहे किंवा शॉक निकामी झाला आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

कायद्याची मर्यादा

वाहनात बदल करण्याआधी मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाचणे हिताचे ठरेल. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही, असे हे कलम सांगते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे गाडी उंच करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आणि विमा कंपनीकडे चौकशी करावी. झिजलेला रबर काढून त्याच मापाचा नवा बसवणे हा मात्र बदल नव्हे. ती देखभाल आहे आणि ती प्रत्येक गाडीला लागू आहे.

गाडी किती उंच झाली ते रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. तिचे चाक किती वर जाऊन कोठे थांबते, हे मात्र खाली वाकून मोजल्याशिवाय कळत नाही. जंगलवाटेला निघण्यापूर्वी ते एकदा मोजून घ्यावे. त्यासाठी एक टेप आणि अर्धा दिवस पुरतो.